हजेरीपटावरचा हक्क : महाराष्ट्राच्या रोजगार हमीची कथा

१/२२
महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या माणसाच्या पगारपत्रकात 'व्यवसाय कर' अशी एक ओळ असते. ठरावीक मर्यादेपुढील पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. वर्षाचे २,५०० होतात. रक्कम लहान असल्यामुळे तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. मात्र १९७५ साली हा कर बसवला गेला तो एका निश्चित हेतूने. दुष्काळी तालुक्यातील मजुराने काम मागितले, तर सरकारला ते देता यावे, हा तो हेतू. शहरातल्या पगारातून खेड्यातल्या मजुरीची तरतूद करणाऱ्या या धोरणाचे नाव रोजगार हमी योजना, म्हणजेच 'रोहयो'. काम मागणे हा नागरिकाचा हक्क आहे असे कायद्याने मान्य होईपर्यंतचा आणि त्यानंतरचाही तिचा प्रवास समजून घेण्यासारखा आहे.

२/२२
आधी भूगोल. सह्याद्री ओलांडून पूर्वेला आले की पावसाचे प्रमाण झपाट्याने घटते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सोलापूर, बीड, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), तसेच सातारा, सांगली आणि पुणे जिल्ह्यांचे पूर्वेकडील तालुके हा पर्जन्यछायेचा प्रदेश. १९७०च्या सुमारास राज्यातील लागवडीखालच्या क्षेत्रापैकी दहा टक्क्यांहूनही कमी क्षेत्राला सिंचन मिळत होते. ज्वारी-बाजरीचे एखादे पीक निघाले की शेतीतील काम संपे. भूमिहीन आणि कोरडवाहू अल्पभूधारक कुटुंबांसमोर वर्षातील कित्येक महिने एकच प्रश्न असे : उद्या काम कोण देणार?

३/२२
दुष्काळ म्हणजे धान्याचा तुटवडा, अशी सर्वसाधारण समजूत असते. मजुराच्या घरात मात्र तो वेगळ्या वाटेने शिरतो. पाऊस गेला की पेरणी होत नाही, खुरपणी होत नाही, काढणी होत नाही. म्हणजे मजुरी मिळत नाही. बाजारात ज्वारी असली तरी ती विकत घेण्यास हातात पैसा नसतो. मग आधी भांडी जातात, नंतर जनावरे जातात आणि शेवटी माणसे गाव सोडतात. म्हणून दुष्काळावरचा उपाय शोधणाऱ्या प्रत्येक राज्यकर्त्याला धान्याइतकाच मजुरीचाही विचार करावा लागला. तो कोणी कोणत्या वृत्तीने केला, यावर हजारो कुटुंबांचे जगणे अवलंबून राहिले.

४/२२
१८७६–७८च्या भीषण दुष्काळात ब्रिटिश सरकारने रस्ते, तलाव, कालवे अशी कामे काढली होती. पण तिजोरीवरचा भार कमी राखण्यासाठी दुष्काळ प्रतिनिधी म्हणून नेमलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी घटवली. दिवसाला सुमारे एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे, एवढ्यावर कष्टाचे काम करणाऱ्या माणसाने भागवावे अशी अपेक्षा होती. ही मजुरी इतिहासात 'टेंपल वेतन' म्हणून कुप्रसिद्ध झाली. दख्खनमधील अनेक कामांवरच्या मजुरांनी ती नाकारून काम सोडले. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. हेच टेंपल १८७७ साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

५/२२
त्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाच्या शिफारशींवरून १८८०च्या दशकात 'फॅमिन कोड' म्हणजे दुष्काळ संहिता तयार झाल्या. उपासमार दिसू लागली की आधी कसोटीची कामे काढायची. कठोर अटी आणि तुटपुंजी मजुरी असूनही लोक आले, तर संकट खरे मानायचे, अशी त्यांतील रीत होती. या संहितांमुळे मदतकार्याला शिस्त आली हे खरे. परंतु काम केव्हा सुरू करायचे, केव्हा बंद करायचे आणि कोणाला घ्यायचे, हे सर्वस्वी सरकार ठरवी. मजूर काम मागू शकत होता. पण ते मिळाले नाही तर जाब विचारण्याचे कोणतेही साधन त्याच्या हाती नव्हते.

६/२२
स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था बऱ्याच अंशी तशीच राहिली. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये कामाच्या हक्काचा उल्लेख आला. परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांत, 'राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' या शब्दांसह. न्यायालयात जाऊन तो मागता येत नव्हता. महाराष्ट्राने १९६३ साली एक विलक्षण कायदा केला : राज्यात लागू असलेल्या कायद्यांमधून 'दुष्काळ' हा शब्दच वगळला आणि त्या जागी 'टंचाई' आणली. आता उपासमारीची वेळ येऊ द्यायची नाही, असा त्यामागचा आत्मविश्वास होता. त्याची परीक्षा दहा वर्षांच्या आतच झाली.

७/२२
याच काळात एका वेगळ्या विचाराची सुरुवात सांगली जिल्ह्यात झाली. महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात १९६५च्या सुमारास एक प्रयोग हाती घेतला. ज्याला काम हवे आहे आणि जो अंगमेहनत करण्यास तयार आहे, अशा प्रत्येकाला गावाजवळ काम द्यायचे, आणि त्या श्रमातून बांधबंदिस्ती, विहिरी, तलाव अशी शेतीला उपयोगी पडणारी मालमत्ता उभी करायची, ही त्याची मांडणी. संकट आल्यावर कामे काढण्याऐवजी काम देण्याची कायमची व्यवस्था असावी, हा त्यातील नवा भाग होता.

८/२२
१ मे १९७२ रोजी राज्य सरकारने ग्रामीण विकासाचा पंधरा कलमी कार्यक्रम जाहीर केला आणि त्यात रोजगार हमीचा समावेश केला. परंतु योजना नीट उभी राहण्याआधीच आभाळाने पाठ फिरवली. आधीची दोन वर्षे पाऊस अपुरा झाला होताच. १९७२च्या पावसाळ्यात तर तो जवळजवळ आलाच नाही. राज्यातील अन्नधान्याचे उत्पादन १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धातील चांगल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर आले. आजही मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या माणदेशात वृद्ध माणसे काळ मोजताना 'बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी' आणि 'नंतर' असे म्हणतात.

९/२२
मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत दुष्काळी कामे काढली. मे १९७३ मध्ये या कामांवरची उपस्थिती सुमारे ५० लाखांवर गेली. १९७१च्या जनगणनेनुसार राज्याची ग्रामीण लोकसंख्या साडेतीन कोटींच्या आसपास होती. म्हणजे खेड्यांतील दर सात माणसांमागे एक जण खडी फोडत होता, माती वाहत होता किंवा पाझर तलावाच्या भिंतीवर उभा होता. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी 'मिलो' ज्वारी मिळे. कामांवर 'सुकडी' नावाचे पोषक पीठ वाटले जाई. या दोन शब्दांत त्या पिढीच्या भुकेची आठवण साठलेली आहे.

१०/२२
एवढे मोठे संकट येऊनही पूर्वीच्या दुष्काळांप्रमाणे लाखो बळी गेले नाहीत. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या काळाचा बारकाईने अभ्यास करून दाखवले की, सरकारी रेशन अपुरे असतानाही मजुरीमुळे लोकांच्या हातात पैसा राहिला आणि त्यामुळे अन्न त्यांच्यापर्यंत पोहोचले. याचा अर्थ लोक सुखात होते असा नाही. जनावरे मेली, कर्जे वाढली, मुलांच्या शाळा सुटल्या. तरी एक गोष्ट सिद्ध झाली : राज्ययंत्रणेने मनावर घेतले, तर लाखो लोकांना काही महिन्यांत काम देणे शक्य असते. 'हे जमणारच नाही' ही सबब त्यानंतर टिकण्यासारखी राहिली नाही.

११/२२
हे सारे सरकारच्या सद्भावनेवरच घडले असे मानणे अपुरे ठरेल. काम सुरू करा, मजुरी वाढवा, थकलेली मजुरी द्या, रेशनचे धान्य वेळेवर द्या, या मागण्यांसाठी मजुरांचे मोर्चे तहसील कचेऱ्यांवर धडकत होते आणि घेराव पडत होते. डावे आणि समाजवादी पक्ष त्यांचे संघटन करीत होते. त्या काळच्या धुळे जिल्ह्यातील शहादा भागात भिल्ल शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली. मुंबईत १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांच्या मागे हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. गावात मजुरी बंद पडली होती आणि शहरात धान्य महागले होते. कष्टकरी घरातील चूल दोन्हीकडे अडचणीत होती.

१२/२२
पाऊस आला, दुष्काळी कामे आटोपली आणि रोजगार हमीचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. केवळ संकटाच्या वर्षी नव्हे, तर दरवर्षी काम द्यायचे तर पैसा कोठून आणायचा? उत्तर १९७५च्या व्यवसाय कर कायद्यात मिळाले. पगारदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्यावर हा कर बसला. त्या वेळी संविधानाच्या मर्यादेमुळे तो एका व्यक्तीवर वर्षाला २५० रुपयांहून अधिक लावता येत नव्हता; १९८८च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा २,५०० रुपये झाली. याखेरीज विक्रीकर आणि मोटार वाहन कर यांवरील अधिभार, जमीन महसुलातील वाढ, बागायती जमिनीवरील आकारणी असे इतर स्रोतही जोडले गेले. या सर्वांतून जमेल तेवढीच रक्कम राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असे ठरले.

१३/२२
हा आर्थिक करार विलक्षण होता. त्याचा मोठा भार शहरांवर, विशेषतः मुंबईवर पडत होता आणि लाभ कोरडवाहू खेड्यांना मिळणार होता. शहरी वर्गाने त्याला तीव्र विरोध का केला नाही, याची कारणे अभ्यासकांनी शोधली आहेत. दर माणशी भार हलका होता. दुष्काळात शहरांकडे लोटणारे लोंढे गावातच थांबतील, हाही विचार त्यामागे होता. मोठ्या शेतकऱ्यांनाही योजना सर्वस्वी परकी वाटली नाही. शेतीच्या ऐन हंगामात मजूर पळणार नाहीत याची काळजी नियमांत घेतलेली होती आणि तलाव, बांध, रस्ते यांचा लाभ जमीन असणाऱ्यालाच अधिक होणार होता. अनेकांचे हितसंबंध जुळले, म्हणून गरिबांसाठीची ही योजना टिकून राहिली.

१४/२२
१९७७ साली महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम विधिमंडळात एकमताने संमत झाला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्याचा आशय थोडक्यात असा : ग्रामीण भागातील कोणत्याही प्रौढ व्यक्तीने अकुशल अंगमेहनतीचे काम मागितले, तर १५ दिवसांच्या आत ते देणे सरकारवर बंधनकारक आहे. देता आले नाही, तर बेकारी भत्ता द्यावा लागेल. त्याची किमान रक्कम सुरुवातीला दिवसाला १ रुपया होती. स्त्री आणि पुरुष यांच्या मजुरीत भेद करायचा नाही. कंत्राटदार नेमायचा नाही. खर्चाचा किमान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवरच झाला पाहिजे.

१५/२२
'काम मागण्याचा हक्क' ही कल्पना प्रत्यक्षात कशी दिसे? मजूर तलाठ्याकडे किंवा ग्रामसेवकाकडे नाव नोंदवी आणि कामाची मागणी करी. पुरेसे मजूर जमले की तहसीलदारामार्फत काम सुरू होई. पाझर तलाव, नालाबांध, मातीचे बांध, रस्ते आणि वनीकरण ही नेहमीची कामे. टोळ्या पडत, बहुधा पुरुष खणत आणि बाया घमेल्यांतून माती वाहत. खणलेल्या खड्ड्यात मूळ जमिनीच्या उंचीचा एक मातीचा खांब तसाच ठेवीत, म्हणजे किती खोल खणले ते मोजता येई. खडीचे माप ब्रासने होई. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मजुरी दिवसावर नव्हे, तर या मापावर ठरे. जमीन कठीण लागली किंवा मापात हात आखडला, की संपूर्ण टोळीचा आठवडा तोट्यात जाई. म्हणून कायद्याच्या कलमांइतकीच मोजपट्टी धरणारा हातही मजुराच्या दृष्टीने महत्त्वाचा होता.

१६/२२
या कामांवर स्त्रियांची संख्या पहिल्यापासून मोठी होती. पुण्याच्या गोखले संस्थेतील कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या पाहणीत मजुरांपैकी सुमारे दोन-पंचमांश स्त्रिया आढळल्या. त्यामागची कारणे उघड होती. शेतावर बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी मिळे. येथे मापाचा दर सर्वांना सारखा होता. काम घरापासून फार लांब नसे. विधवा आणि नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांना कोणाच्या दारात उभे न राहता काम मागता येई. हजेरीपटावर स्वतःचे नाव लागणे आणि मजुरी स्वतःच्या हातात पडणे हा घरातील तिच्या स्थानात फरक पाडणारा अनुभव होता. कामावर पाळणाघर, पिण्याचे पाणी आणि सावली असावी असा नियम होता. पाळणाघराच्या बाबतीत तो बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला आणि मोठी बहीण धाकट्याला सांभाळत मातीच्या ढिगाजवळ बसलेली दिसे.

१७/२२
मजुरीच्या रकमेपेक्षाही मोलाची होती ती खात्री. इक्रिसॅट या संशोधन संस्थेने सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातील कानझरा यांसारख्या गावांतील कुटुंबांच्या उत्पन्नाची वर्षानुवर्षे नोंद ठेवली होती. रोहयोची कामे उपलब्ध असलेल्या या गावांत भूमिहीन कुटुंबांच्या उत्पन्नातील चढउतार, अशी हमी नसलेल्या आंध्र प्रदेशातील गावाच्या तुलनेत, स्पष्टपणे कमी असल्याचे अभ्यासकांना दिसले. गरीब घरासाठी याचा अर्थ साधा असतो : वाईट महिन्यात शेळी विकावी लागत नाही, सावकाराकडे जावे लागत नाही. शिवाय सरकारी कामाचा पर्याय जवळ आहे म्हटल्यावर जमीनमालकाशी मजुरीची बोलणी करतानाही मजुराला थोडा जोर येतो.

१८/२२
चित्राची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हजेरीपटावर खोटी नावे लागत, माप कमी-जास्त लिहिले जाई, मजुरी आठवडेच्या आठवडे थके. 'रोजगार हमी, अर्धे तुम्ही, अर्धे आम्ही' ही म्हण महाराष्ट्रात घरोघर पोहोचली, यातच सर्व आले. बांधलेले कित्येक रस्ते पुढच्या पावसाळ्यात वाहून गेले. सरकारी जमिनीवरील कामे संपत आली, तशी खासगी जमिनीवर विहिरी आणि १९९०पासून फळबागांची लागवड योजनेला जोडली गेली. त्यातून राज्यात डाळिंब, आंबा, बोर यांच्या बागा वाढल्या. पण त्याचा थेट लाभ जमीनधारकाला होता, आणि ज्याच्याकडे एक गुंठाही नाही त्याचा वाटा अकुशल कामाच्या काही दिवसांपुरताच उरला.

१९/२२
खरी कसोटी १९८८ साली लागली. राज्याने शेतमजुरांचे किमान वेतन वाढवले आणि रोहयोचे दर त्याच्याशी जोडलेले असल्याने तेही जवळपास दुप्पट झाले. मजुरांसाठी ही आनंदाची बातमी होती. वाढलेल्या दरामुळे अधिक लोक कामावर येतील असे कोणालाही वाटले असते. घडले उलटेच. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात योजनेतून वर्षाला साधारण १३ ते १९ कोटी मनुष्यदिवसांचे काम मिळत होते. दशकाच्या अखेरीस हा आकडा दहा कोटींच्या खाली आला. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी या अर्थतज्ज्ञांनी या घसरणीचा अभ्यास केला. लोकांनी काम मागणे थांबवले नव्हते. खर्च आटोक्यात राखण्यासाठी कामेच कमी सुरू होऊ लागली होती, असा त्यांचा निष्कर्ष होता.

२०/२२
कायद्याचा एकही शब्द न बदलता हक्क कसा आकसतो, हे येथे दिसते. 'तुम्हाला काम मिळणार नाही' असे कोणी लेखी कळवीत नाही. मागणीचा अर्ज स्वीकारला जात नाही, किंवा स्वीकारला तरी पोच मिळत नाही. काम तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला निघते. मंजुरी लांबते आणि पेरणीचे दिवस येतात. पोच नसली की १५ दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे हेच ठरत नाही. म्हणून बेकारी भत्ता हा कायद्यातील सर्वांत धारदार भाग असूनही तो क्वचितच दिला गेला. दुसरीकडे, योजनेच्या नावाने गोळा होणारा कर आणि योजनेवर होणारा खर्च यांतील अंतर पुढच्या वर्षांत वाढत गेले, आणि विधिमंडळात तसेच अभ्यासकांच्या लिखाणात त्यावर टीका होत राहिली. कर मात्र नियमितपणे कापला जात होता.

२१/२२
ज्या गावांत काम निघाले नाही, तेथील कुटुंबांनी जुनाच मार्ग धरला. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची जोडी, म्हणजे ऊसतोडीच्या भाषेत एक 'कोयता', मुकादमाकडून उचल घेऊन साखर कारखान्यांच्या फडावर जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. उचल फिटेपर्यंत मोकळीक नसते. मुलांचे शालेय वर्ष अर्धवट राहते. गावात काम मिळाले असते तर ही सर्व घरे थांबली असती, असे म्हणता येणार नाही. फडावरची एकरकमी उचल लग्नाला आणि आजारपणाला उपयोगी पडते. परंतु जाणे किंवा न जाणे यांत निवड करण्यासाठी गावात दुसरे काम असावे लागते. रोजगार हमीने जेथे ते दिले, तेथे निवड शक्य झाली. जेथे दिले नाही, तेथे मुकादमाचा शब्द शेवटचा ठरला.

२२/२२
२००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला आणि फेब्रुवारी २००६ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. काम मागण्याचा हक्क, १५ दिवसांची मुदत, बेकारी भत्ता, कंत्राटदाराला बंदी, मजुरी आणि सामग्री यांचे ६०:४० प्रमाण, ही त्याची मुख्य कलमे महाराष्ट्राच्या अनुभवातून आलेली आहेत. महाराष्ट्रात प्रौढ व्यक्तीला दिवसांची मर्यादा नव्हती. केंद्राने दर कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. सामाजिक अंकेक्षण आणि मागणी-अर्जाची पोच यांना कायद्यात स्थान मिळाले, कारण मागील तीन दशकांत हक्क नेमका कोठे गळतो हे कळून चुकले होते.

टेंपल यांच्या काळात मजूर अपुरी मजुरी नाकारून काम सोडून जाऊ शकत होता, एवढीच त्याची ताकद. १९७९ नंतर तो कायद्याकडे बोट दाखवून काम मागू शकला. शंभर वर्षांत झालेला हा बदल लहान नाही. पण त्याचे मोजमाप विधिमंडळाच्या नोंदींत सापडणार नाही. एखाद्या कोरड्या वर्षी, मार्च महिन्यात, तालुक्यात किती कामे सुरू होती, हजेरीपटावर किती खरी नावे होती आणि त्या नावांपुढील मजुरी किती दिवसांत हातात पडली, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत ते दडलेले आहे. हे प्रश्न तेव्हाही मजुरांनीच विचारले होते, आणि ते विचारले गेले तेथेच कामे निघाली.